नवाचा पाढा

रविवारी सकाळी मुंगीच्या आत्याच्या शिवणकामाच्या दुकानाचे शटर अर्धेच वर होते आणि कापायच्या लांब टेबलावर कापडाऐवजी वह्या पसरल्या होत्या. एकेचाळीस वह्या, दर वर्षाची एक. पुलाच्या खांबावरची, नदीची पातळी दाखवणारी पट्टी रोज सकाळी वाचून आजोबांनी त्या भरल्या होत्या. मुंगीच्या बाबांनी आपल्या बाइंडिंगच्या दुकानात त्यांना नवे काळे पुठ्ठे घातले होते, आणि गेली तीन वर्षे मुंगी विद्यापीठात त्यांच्यावर काम करत होती. जुन्या भांडणानंतर बाबा आणि काका एका टेबलाशी बसले, असे फार थोड्या वेळा घडले होते. आज ते बसले होते एका पाटीसाठी.

विद्यापीठाच्या जलव्यवस्थापन विभागाची नवी प्रयोगशाळा येत्या शुक्रवारी सुरू व्हायची होती, आणि तिला आजोबांचे नाव द्यायचे ठरले होते. पाटीवरचा मजकूर काकांनी लिहून आणला होता. काका शहराच्या पाणीपुरवठ्याचे निवृत्त मुख्य अभियंता. घरची वाणसामानाची यादीसुद्धा ते निविदेसारखी लिहीत. त्यांनी चष्मा सारखा केला, घसा साफ केला आणि वाचले, “एकेचाळीस वर्षे, एकही दिवस न चुकता, ज्यांनी डोळ्यांत तेल घालून ही नदी वाचली...”

आत्या खिडकीशी बसून कुणाच्या तरी कोटाची शिवण उसवत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मुंगीने ते पाहिले, पण तेव्हा तिच्या डोक्यात दुसरेच काही होते आणि तिने तिकडे लक्ष दिले नाही.

“काका,” ती म्हणाली, “पाटी लावायच्या आधी मला एक सांगायचंय. सात वर्षांचे आकडे खरे नाहीत.”

मुंगी हे नाव तिला काकांनीच दिले होते. चार वर्षांची असताना ती भिंतीतल्या एका फटीशी बसून राहिली होती. आत किती मुंग्या गेल्या आणि बाहेर किती आल्या ते मोजत. दोन्हींचा मेळ बसेना तेव्हा ती हमसून हमसून रडली होती. आता ती एकतीस वर्षांची होती आणि रडण्याऐवजी कागद पुढे करायला शिकली होती. एवढाच काय तो फरक.

तिने कागद पुढे केला. त्यावर विसाव्या वहीतल्या एका महिन्याचे आकडे होते, सेंटिमीटरमध्ये. २१६, २०७, २०७, १९८, १८९.

काकांनी ते पाहिले आणि उतरत्या उन्हाळ्यात पाणी उतरणारच, असे म्हणून कागद परत सरकवला. तो कागद वाटेत काकूंनी उचलला. काकूंनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले होते, आणि आकडे दिसले की त्यांच्या ओठांची हालचाल आपोआप सुरू होई.

“दोन आणि एक तीन, आणि सहा नऊ,” त्या पुटपुटल्या. “दोन, शून्य, सात... नऊ. एक, नऊ, आठ... अठरा. अगं, हा तर नवाचा पाढा आहे.”

“सलग सात वर्षं,” मुंगी म्हणाली. “पुराचे दिवस सोडले तर एकही आकडा नवाच्या पाढ्याबाहेरचा नाही. त्याच्या आधीची एकोणीस वर्षं नीट आहेत, नंतरची पंधराही नीट आहेत. नदी काही नवाच्या पाढ्यात वाहत नाही, काका. हे कुणीतरी घरी बसून लिहिलंय.”

हे म्हणताना तिचा आवाज स्थिर होता, पण टेबलाखाली तिने स्वतःचा अंगठा घट्ट धरून ठेवला होता. आजोबांच्या मांडीवर बसूनच ती आकडे ओळखायला शिकली होती.

मग जे बोलणे झाले ते बरेचसे काकांचेच होते. पोरीने तीन वर्षे अन्न खाल्ले ते याच वह्यांवर, असे ते म्हणाले. मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावता येत नाही, म्हणून त्याच्यावर आरोपही करता येत नाही, असे म्हणाले. चार अंकांच्या बेरजेवरून स्वर्ग गाठू नये. आणि शेवटी, आवाज खाली आणून, झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि जे इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आले नव्हते ते आताच यायचे कारण नाही. बाबांनी विसावी वही जवळ ओढली आणि तिच्या कण्यावरून बोट फिरवत राहिले. पेचात सापडले की ते असे करत.

मुंगीने सगळे ऐकून घेतले. मग तिने सांगितले ते थोडक्यात असे होते. वरच्या धरणातून कोरड्या महिन्यांत किती पाणी कधी सोडायचे, याचे नवे वेळापत्रक त्यांचा गट तयार करत होता. ते या एकेचाळीस वर्षांवर उभे होते. आणि त्या सात वर्षांतच शहराने पाहिलेला सर्वांत वाईट उन्हाळा होता. ती सात वर्षे गाळली तर वेळापत्रकाला दुष्काळ म्हणजे काय हेच कळणार नव्हते. ठेवली, तर खोट्यावर खरे बांधल्यासारखे होणार होते. विभागातल्या सरांनी तिला सोमवारी दुपारपर्यंत वेळ दिला होता: ती वर्षे काय आहेत ते सांग, नाहीतर वगळ.

“आणि सांगता नाही आलं तर?” बाबांनी विचारले.

“तर मी वगळीन, आणि का वगळली ते लिहीन. आजोबांच्या नावानिशी.”

“शुक्रवारी पाटी, आणि सोमवारी हे,” काका म्हणाले. “वा, प्राध्यापकीणबाई.”

“मला ती बरोबर वाटते,” काकू म्हणाल्या.

काकांनी बायकोकडे असे पाहिले, जणू चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हिचे गणित आपल्याविरुद्ध गेले होते. काकूंनी मात्र आपली खुर्ची ओढून टेबलाच्या मुंगीच्या बाजूला घेतली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले.

“त्यांनी घरी बसून काही लिहिलं नाही.”

हे आत्या म्हणाली. तिने कोट बाजूला ठेवला होता, पण उसवायची सुरी अजून तिच्या बोटांत होती. आत्या बोलायची ती गिऱ्हाइकांशी, मापाचे आणि तारखेचे. घरच्या बैठकीत ती बोलली की सगळे वळून पाहत.

“आणि दादा, तुझ्या पाटीवर ते डोळ्यांत तेल लिहिलंयस ना,” ती पुढे म्हणाली. “तेल नव्हतं रे. मोतीबिंदू होता.”

काकांनी हातातला मजकुराचा कागद टेबलावर ठेवला.

तिने सांगितले तेही मापाचे आणि तारखेचे असल्यासारखेच, भर न घालता. काका तेव्हा शिकायला वसतिगृहात होते आणि बाबा पाळण्यात. आजोबांच्या उजव्या डोळ्यावर आधी पडदा आला, मग डाव्यावर. पट्टी होती पुलाच्या तिसऱ्या खांबावर, पाण्याच्या मध्यात; ती काठावरून दुर्बिणीतून वाचायची. आजोबांना दुर्बिणीत धुके दिसू लागले. पाटबंधारे खात्याला कळले असते तर पट्टीवाल्याची जागा गेली असती आणि तिच्याबरोबर राहायची खोलीही. डॉक्टर म्हणाले, अजून पिकलेला नाही, थांबा. ते सात वर्षे थांबले, तेव्हा कुठे शस्त्रक्रिया होऊन पुन्हा दिसू लागले.

“मग तू वाचायचीस पट्टी,” मुंगी म्हणाली. “दुर्बिणीतून.”

“मी?” आत्या हसली. “मला त्या वेळी खांबच दिसायचा नाही, त्यावरची पट्टी कुठली दिसायला. मला चष्मा लागला अठराव्या वर्षी. म्हणजे लागला होता आधीच, कळलं अठराव्या वर्षी. मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं.”

काकूंना हसू आवरेना. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, इथे नदीच राखली म्हणायची, असे त्या म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण आत्याला राग आला नव्हता.

“ते पायाने वाचायचे,” ती म्हणाली.

पुलाच्या अलीकडे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. डोळे धड होते तेव्हाच आजोबांनी त्यांचा आणि पट्टीचा मेळ घालून ठेवला होता: वरच्या कट्ट्याला पाणी लागले की पट्टीवर चारशे चौदा, आणि एकेक पायरी अठरा सेंटिमीटरची. ते रोज पहाटे अनवाणी उतरत. एक, दोन, तीन, असे मोजत. पाय पाण्याला लागला की थांबत. पाणी पायरीच्या कडेशी असेल तर पुरी पायरी, घोट्याशी आले तर अर्धी. आत्या शेजारून उतरे, त्यांचा हात धरून, आणि आकडा वहीत लिही. पहिले काही दिवस सही ते करत. मग सहीची ओळ चुकू लागली, तेव्हा सहीही तीच करू लागली.

मुंगीने पेन घेतले आणि आपल्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिले: अठरा, निम्मे नऊ, चारशे चौदा भागिले नऊ. भाग पुरा गेला. तिच्या छातीत काहीतरी सैल झाले, आणि ते सैल होऊ द्यायला तिला जरा भीतीच वाटली. म्हणजे कुणी खोटे लिहिले नव्हते. सात वर्षे एक माणूस रोज नदीपर्यंत चालत गेला होता आणि एक मुलगी त्याच्याबरोबर. आकडे फक्त जाडेभरडे होते. जाडेभरडे चालते; किती जाडेभरडे ते सांगता आले म्हणजे झाले.

“झालं तर मग,” काका म्हणाले. त्यांचा आवाज निवळला होता. “नऊ सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे. लिही तसं. नदी सर्वांत खाली गेली होती ती चोपन्नपर्यंत, वीस पायऱ्या कोरड्या. मला पाठ आहे तो आकडा. त्याच्यावर मी शहराची पाणी घ्यायची नळी बसवली.”

“वीस,” आत्या मान हलवत म्हणाली. “आठवतं मला. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असायचं. आणि त्या एका उंच पायरीशी ते दरवेळी माझा हात दाबायचे. सांभाळ म्हणायचे.”

कुणालाच यात काही विशेष वाटले नाही. काकूंनी चहाचे कप गोळा करायला घेतले. मुंगी मात्र तशीच बसून राहिली. फटीत गेलेल्या आणि फटीतून आलेल्या मुंग्यांचा मेळ पुन्हा एकदा बसत नव्हता.

“आत्या,” तिने विचारले, “कुठली उंच पायरी?”

*

हाताच्या काकणाला आरसा कशाला, असे म्हणून काकूंनीच चपला घातल्या. नदी दुकानापासून दोन गल्ल्यांवर होती. उन्हाळा सरत आला होता आणि पाणी बरेच खाली होते. बाबांनी विसावी वही काखेत घेतली. आत्याने गळ्यातली मापाची फीत काढली नाही. ती काढून ठेवायची असते हे तिला सुचलेच नसावे. काका पाच मिनिटांनी मागून आले. त्यांच्या हातात चामड्याच्या म्यानातली जुनी दुर्बीण होती. ती आजोबांची होती आणि गाडीच्या कप्प्यात असे. ती शुक्रवारी प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात ठेवायची होती.

कट्ट्यावर आल्यावर आत्याने चप्पल काढली. तिला कुणी सांगितले नव्हते. एका हाताने तिने मुंगीचा हात धरला आणि एकेक पायरी मोठ्याने मोजत ती उतरू लागली. पंधरापर्यंत दोघी सारख्या चालीने गेल्या. सोळाव्या पायरीशी आत्याची बोटे मुंगीच्या हातावर आवळली.

“सांभाळ,” ती म्हणाली.

पायरी खरेच उंच होती. इथे दगडाचा रंगही बदलत होता. वरचे काम नंतरच्या कुणीतरी केलेले आणि खालचे फार जुने, आणि दोन्हींचा सांधा नीट न जुळल्यामुळे एका पायरीची उंची वाढली होती. आत्याने वाकून गळ्यातली फीत लावली.

“एकतीस,” ती म्हणाली. मग एक खालची मापली, एक वरची. “ह्या अठराच आहेत.”

“फीत ताणलेली नाही ना?” काकांनी वरून विचारले.

“दादा, तुझी पँट चाळीस वर्षं मी शिवते. कधी ताणली?”

पाणी होते अठराव्या पायरीच्या कडेशी. काकूंनी वर उभ्या उभ्याच तोंडी हिशेब केला: अठरा अठरे तीनशे चोवीस, चारशे चौदातून वजा केले की नव्वद. आजोबांनी आज वाचले असते तर वहीत नव्वद लिहिले असते. त्याचीही बेरीज नऊच, असे त्या म्हणाल्या.

मुंगीच्या फोनवर पुलावरच्या पातळी मोजणाऱ्या यंत्राचा आजचा आकडा होता. तिने फोन खिशातून काढलाच नाही. ती वर बघत म्हणाली, “काका, पट्टी वाचा.”

काकांना कळले होते. त्यांचे सगळे आयुष्य पातळ्यांमध्ये गेले होते. त्यांना न कळून कसे चालेल. आजोबांनी पायऱ्यांचा मेळ घातला तेव्हा नदी भरलेली होती. सोळावी पायरी पाण्याखाली होती. ती उघडी पडली त्या दुष्काळात, आणि तोवर आजोबांचे डोळे गेले होते. पायाला उंची कळत होती, पण तो दरवेळी ती मुलीला सांगत होता, वहीला नाही. काकांनी दुर्बीण म्यानातून काढली, डोळ्यांना लावली आणि तिचे चाक नको इतका वेळ फिरवत राहिले. मुंगीला वाटले, आता ते म्हणतील की ऊन डोळ्यावर येते आहे.

“सत्त्याहत्तर,” काका म्हणाले.

त्यांनी पुन्हा एकदा पाहिले आणि दुर्बीण बाबांना दिली. बाबांनी पाहिले. “सत्त्याहत्तरच, दादा,” ते हळू म्हणाले.

तेरा सेंटिमीटर. सोळाव्या पायरीखालचा प्रत्येक आकडा तेराने फुगलेला होता. त्या उन्हाळ्यात नदी चोपन्नपर्यंत गेली नव्हती. ती एकेचाळीसपर्यंत गेली होती.

काका वरून तिसऱ्या पायरीवर बसले. कपडे मळतील याची त्यांनी पर्वा केली नाही. बोलायला लागले ते कुणाशी नव्हे, समोरच्या पाण्याशी. नळीचे तोंड तिसावर आहे. तोंडावर वीस सेंटिमीटर पाणी लागते, नाहीतर पंप हवा ओढतो. चोपन्नाला चोवीस उरत होते, म्हणून मी निश्चिंत. एकेचाळीसला अकरा उरतात. तसा उन्हाळा पुन्हा आला तर धरणातून पाणी येईपर्यंत अर्ध्या शहराचे नळ कोरडे.

मुंगी त्यांच्या खालच्या पायरीवर उभी होती. दुकानात बसून ती ज्या भांडणाची तयारी करून आली होती ते भांडण आता राहिले नव्हते, आणि त्या जागी जे आले होते ते जास्त अवघड होते. तिला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण काकांना तसले काही चालत नसे.

“सोमवारी मी हे लिहिणार आहे, काका,” ती म्हणाली. “नळीचंसुद्धा.”

“दादाचं नाव न घेता लिहिता येईल की,” बाबा चटकन म्हणाले. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर भावाची बाजू घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि ती त्यांनी चुकीच्या जागी घेतली होती. “वहीतला आकडा चुकला, त्यात याची काय चूक?”

काकांनी त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी नकाराची मान हलवली.

“मी पंचवीस वर्षं या नदीचा अभियंता होतो,” ते म्हणाले. “रोज पुलावरून गाडीने जायचो. एकदाही या पायऱ्या उतरलो नाही. बापाचा आकडा म्हणून डोळे मिटून घेतला.” ते उठले आणि पँट झटकली. “नाव घाल, मुंगे. आणि नळी किती खाली न्यायची त्याचं परिशिष्ट मी लिहून देतो. उद्या सकाळी दहाला विभागात येतो. तुझ्या सरांना सांग, म्हातारा नकाशे घेऊन येतोय, टेबल रिकामं ठेवा.”

“तुम्हाला पाटीचा मजकूरही बदलावा लागेल,” काकू म्हणाल्या.

“तो तू लिही,” काका म्हणाले. “माझं डोळ्यांत तेल उगाच गेलं.”

*

दुकानात परतल्यावर मुंगीने कापायच्या टेबलावरच निवेदन लिहिले. एका पानात बसले. पाणी कसे मोजले, कुणी मोजले, सोळाव्या पायरीखाली तेरा का वजा करायचे, आणि प्रत्येक आकडा किती सेंटिमीटरने इकडे तिकडे असू शकतो. सात वर्षांतले एकही वर्ष गाळायचे नव्हते. मोजणारा या ओळीपुढे तिने आजोबांचे नाव घातले आणि कंसात ‘पायाने’ असे लिहिले. सरांना ते आवडणार नव्हते. तिने ते खोडले नाही.

नोंद घेणारी या ओळीपुढची जागा तिने कोरी ठेवली आणि कागद आत्यापुढे सरकवला.

आत्याने चष्मा पुसला. कागद सगळा वाचला, कापड तपासावे तसा उलटून मागची बाजूही पाहिली. मग तिने बाबांकडून विसावी वही मागून घेतली आणि उघडली. पानाच्या तळाशी आजोबांची सही होती. ठसठशीत, शेवटच्या अक्षराला एक लांब शेपूट, दर दिवशी एक. काकांनी ती वाकून पाहिली. आयुष्यभर ते ती वडिलांची म्हणून ओळखत आले होते, आणि आता त्यांना त्यात काय शोधायचे ते कळत नव्हते.

आत्याने पेन उचलले, टोक कागदाला लावले आणि थांबली.

“सही कुणाची करू?” तिने विचारले.

ती चेष्टा करत नव्हती. अडीच हजारांवर वेळा तिने या एका कामासाठी पेन उचलले होते, आणि दरवेळी हात आपोआप त्या लांब शेपटाकडे गेला होता.

“तुझी,” मुंगी म्हणाली.

आत्याने सही केली. आजोबांची सही ती एका झटक्यात करत असे; स्वतःची करायला तिला वेळ लागला, अक्षरे जरा वाकडी आली आणि शेवटी शेपूट नव्हते. कागद तिने हातभर लांब धरून पाहिला. मग शाई वाळायची वाट न पाहता तो मुंगीच्या हातात दिला, उसवायची सुरी उचलली आणि म्हणाली की आता सगळ्यांनी टेबल मोकळे करा, तिला गिऱ्हाइकाचा कोट उद्या द्यायचा आहे.